नायकाच्या बाजेवरचा गूळ

बिजलीबाईचा माणसांवर विश्वास नाही असं तांड्यात सगळे म्हणत, पण ते अर्धवटच होतं. तिचा एसटीच्या पाटीवरसुद्धा विश्वास नव्हता. गाडी कळंबचीच आहे ना, हे ती चढताना कंडक्टरला विचारी, बसल्यावर शेजारणीला विचारी आणि गाडी हलली की पुन्हा कंडक्टरला विचारी. मघाशी बोलला तेच आता बोलतो का, हे बघायला. तोललेली वांगी ती परत स्वतःच्या तळहातावर तोलून बघे. कळंबला जमिनीखालच्या देवळात चिंतामणीच्या दर्शनाला गेली की चपला दारात न ठेवता पिशवीत घालून पायऱ्या उतरे. नवरा नेमसिंग एकदा लाजून म्हणाला, "अवं, देवाच्या दारात तरी ठेव." ती म्हणाली, "देवावर मी कुठं शक घेतला? देव थोडाच चपला नेते?"

लग्न होऊन आली तेव्हा ती अशी नव्हती, असं नेमसिंग सांगे. तेव्हा नुसती सावध होती. पार अशी झाली ती थोरल्या लेकाच्या, राजकुमारच्या नोकरीपासून.

त्या वेळी एक पांढरी गाडी तांड्यात आली होती. आतला माणूस मधाळ बोलायचा. गळ्यात फोटोचं कार्ड, हातात पेढ्यांचा डबा. राजकुमारला राजूरकडे कोळशाच्या खाणीवर लावून देतो म्हणाला. जागा एकच आहे, आजच निघावं लागेल, आणि कोणाला सांगू नका, नाहीतर दहा जण मागे लागतील. बिजलीबाईनं त्याला चहा पाजला, लेकाची पिशवी स्वतःच्या हातानं भरली. राजकुमारला ना राजूर दिसलं ना खाण. गाडी परमुलखातल्या एका वीटभट्टीवर जाऊन थांबली. तिथून तो सुटून आला तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं माती कालवायच्या यंत्रात गेलेली होती. बिजलीबाई त्या दिवशी रडली नाही. पेढ्यांच्या त्या रिकाम्या डब्यात ती सुयादोरा ठेवत असे. तो डबा तिनं सुयादोऱ्यासकट चुलीत घातला.

तेव्हापासून तिचं एक पक्कं ठरलं होतं. नोकरी शोधायला माणसानं जायचं असतं. नोकरीच माणसाला शोधत दारात आली की समजावं, कुठंतरी पाणी मुरतंय.

धाकटी संगीता मात्र नोकरीच्या मागे स्वतः गेलेली होती. पोरगी हुशार निघाली. शिकत शिकत जनावरांची डॉक्टर झाली, तेव्हा तांड्याची छाती फुगली. तांडा मुळातच जनावरांचा. पणजोबांच्या काळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातलेली ही माणसं, आता कोरडवाहू कपाशी आणि तूर करून राहत होती. आपल्या पोरीनं आपलीच ढोरं बरी करावी यापरतं सुख काय? पण संगीता तिथं थांबली नाही. आणखी शिकायला गेली आणि भलतंच शिकून आली.

"कोनत्या बिमारीचं शिकून राह्यली?" बिजलीबाईनं विचारलं होतं.

"बिमारीचं नाई, याडी," संगीता म्हणाली; तांड्यात आईला याडीच म्हणतात. "धडधाकट जनावर चालते कसं, त्याचं. रवंथ कसं करते, उन्हात अंग थंड कसं ठेवते, दूध कसं उतरते."

"धडधाकट जनावराले डाक्टर कायले पायजे?"

संगीता पोट धरून हसली होती. बिजलीबाईला मात्र हसू आलं नाही. हे तांड्यात सांगायचं कसं? तिनं बाहेर सांगितलं, की पोरगी सगळ्यात मोठ्या सुईचं शिकून राहिली आहे.

सुट्टीत घरी आली की संगीता गोठ्यात जाई. बैलाच्या डाव्या अंगाला उभी राही आणि बरगड्यांच्या मागे जो खळगा असतो, त्या भकाळीत उजवी मूठ रुतवून धरी. इथवर ठीक होतं, पोट हलतं का हे बघायला सरकारी डॉक्टरही कधीमधी मूठ लावत. पण ही डावा तळवा स्वतःच्या पोटावर ठेवी, डोळे मिटे आणि खांबासारखी उभी राही. येणारेजाणारे थांबून बघत. शेजारच्या बायांनी विचारलं, पोट बैलाचं दुखते का पोरीचं? बिजलीबाईनं तिला खडसावलं, तर म्हणाली, "शिकवलंच असं हाये, याडी. असंच करा लागते." बिजलीबाईला शंका आली, की जास्त शिकून पोरीचं डोकं थोडं सरकलं असावं.

मग विद्यापीठाच्या कॉलेजात त्याच विषयाच्या प्राध्यापकाची जागा निघाली. संगीतानं अर्ज भरला, नवी साडी नेसून मुलाखतीला गेली. काही दिवसांनी निकाल लागला. तिचा दुसरा नंबर होता.

"दुसऱ्या नंबराले काय भेटते?" बिजलीबाईनं विचारलं.

"काईच नाई. जागा एकच होती."

तांड्यात सगळे म्हणाले, जागा आधीच कोणाची तरी ठरलेली असेल, मुलाखत नावाला. बिजलीबाई तर आधीपासून तेच म्हणत होती. पण आपला संशय खरा ठरला की तिला जो एक समाधानाचा घोट मिळे, तो या वेळी घशाखाली उतरला नाही. संगीता दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. मग उठली, जाडजूड पुस्तकं ट्रंकेत टाकली, वर जुनी गोधडी अंथरली आणि एका संस्थेचं काम धरून झरी जामणीकडे गेली. तिकडच्या जंगलातल्या पाड्यांवर शेळ्यांना लस टोचायची आणि नोंद ठेवायची. फोन लागला तर लागला. पंधरा दिवसांतून एकदा घरी यायची, जेवायची, काही बोलायची नाही. गोठ्यात जाणं तर तिनं सोडूनच दिलं होतं. बिजलीबाईला वाटे, वेडी म्हणून बायांनी हसावं, पण पोरीनं एकदा तरी बैलापाशी डोळे मिटून उभं राहावं.

अशा दिवसांत, तूर घरात येण्याच्या सुमारास, एका शनिवारी दुपारी तांड्यात एक जुनी स्कूटर शिरली.

बिजलीबाई अंगणात तुरीच्या पेंढ्या झोडपत होती. स्कूटरवरच्या माणसाचं डोकं हेल्मेटमध्ये होतं. पहिल्या घरापाशी थांबून त्यानं संगीता आडेचं घर विचारलं. तांड्यात परक्याला कोणी कोणाचं घर दाखवत नाही. आधी नायकाकडे जायचं, तिथं काम सांगायचं, मग नायक ठरवील कोणाला बोलवायचं ते. त्यामुळे बिजलीबाईच्या अंगणापासून दगड टाकण्याच्या अंतरावर उभ्या असलेल्या त्या माणसाला चौघांनी चार बाजूंनी हरिसिंग नायकाचं घर दाखवलं. बिजलीबाईनं हातातली काठी खाली ठेवली नाही. तशीच ती मागोमाग गेली.

हेल्मेट निघालं तेव्हा आत पिकलेल्या केसांचा, घामाघूम झालेला, चष्म्याचा माणूस निघाला. "मी नंदकिशोर पांढरीपांडे," तो म्हणाला, "कॉलेजात प्राध्यापक आहे." आणि पिशवीतून एक गुळाची भेली काढून त्यानं हरिसिंग नायकाच्या बाजेवर ठेवली. "कळंबच्या बाजारातून घेतली. तांड्यात जायचं तर मिठाईपेक्षा गूळ न्या, गुळाला मान असतो, असं मला कोणीतरी सांगितलं. मी संगीतासाठी आलोय. तुमची मुलगी आम्हाला हवी आहे."

अंगणातल्या सगळ्यांनी आधी गुळाकडे पाहिलं, मग नायकाकडे. ज्यानं कोणी त्याला हे सांगितलं होतं त्यानं खरंच सांगितलं होतं, फक्त अर्धं सांगितलं होतं. नायकाच्या अंगणात चार माणसांसमोर गूळ ठेवून मुलीचं नाव घेतलं, म्हणजे मागणी झाली. मुलीकडच्यांनी त्यातला खडा तोंडात टाकला की मुलगी दिली. द्यायची नसेल तर दिवस मावळायच्या आत गूळ ज्याचा त्याला परत करायचा. ठेवून घेतला तर तोही होकारच.

हरिसिंगनं पाहुण्याचे पांढरे केस पाहिले, मग जपून विचारलं, "कोनासाठी मागून राह्यले, सायेब? पोरासाठी?"

"नाही हो, विभागासाठी! नोकरीसाठी."

लोकांनी श्वास सोडला. बिजलीबाईनं मात्र तेव्हाच श्वास धरला. लग्नाची मागणी परवडली असती. नोकरी चालत आली होती, तीही गोड घेऊन.

नंदकिशोर सर सांगत गेले. पहिल्या नंबराचा उमेदवार हजर झालाच नाही, त्याला दुसरीकडे जागा मिळाली. आता दुसरा नंबर संगीताचा. पण ती यादी सोमवारपर्यंतच धरली जाणार. सोमवारी ऑफिस बंद व्हायच्या आत ती येऊन हजर झाली तर जागा तिची, नाहीतर जागाच रद्द. "कितीतरी वर्षं हा विषय मी एकटाच शिकवतोय. या महिन्याअखेर मी निवृत्त होतोय. जागा रद्द झाली की विभागाला कुलूप लागेल. पत्र पाठवलंय म्हणतात, पण मला खात्री नाही. तिचा फोन लागत नाही. म्हणून स्वतः आलो."

"तुमी सोता आले," बिजलीबाई म्हणाली, "कॉलेजची गाडी नाई?"

सर जरा घुटमळले. "ऑफिसला सांगून आलेलो नाही, ताई. ही जागा दुसरीकडे वळवायची काही जणांची इच्छा आहे. म्हणून सोमवारपर्यंत तुम्हीही कोणाला सांगू नका."

बिजलीबाईची काठीवरची मूठ घट्ट झाली. स्वतः येणं झालं, गोड आणणं झालं, घाई झाली, आणि आता कोणाला सांगू नका हेही झालं. फक्त गाडी पांढरी नव्हती.

"वळखपत्र हाये?"

त्यांनी खिशातून कार्ड काढलं. बिजलीबाईनं हातातही घेतलं नाही. तसलं कार्ड तिनं पाहिलेलं होतं.

"मी तिला शिकवलंय, ताई. पदवीला आणि नंतरही."

"सोबतचा फोटो असन मंग."

फोटो नव्हता. फोटो काढून घेणाऱ्यांतला तो माणूस नव्हता, पण हे बिजलीबाईला कसं कळावं? एवढ्यात हरिसिंगला स्वतःची म्हैस आठवली. "सायेब, जनावराचे मास्तर हा ना तुमी? माही म्हैस चारा टाकून राह्यली. काई भुकटीबिकटी लिहून द्या."

"औषधं देणं माझं काम नाही," सर ओशाळून म्हणाले. "तुम्ही दवाखान्यातच दाखवा. मी निरोगी जनावराचं शरीर कसं चालतं ते शिकवतो."

हरिसिंगनं अंगणात जमलेल्यांकडे एक नजर फिरवली. जनावराचा मास्तर आणि औषध ठाऊक नाही! बाया पदराआड हसल्या. बिजलीबाईच्या काळजात मात्र काहीतरी हललं, कारण हे बोलणं तिनं आपल्या घरात ऐकलं होतं. पण तिनं ते हललेलं जागच्या जागी दाबलं. ठकवणारा माणूस तयारी करूनच येतो. राजकुमारला नेणाऱ्यालाही त्याच्या मामाचं नाव ठाऊक होतं.

"संगीता इथं नाई," ती म्हणाली. "तिचं लगन झालं. आदिलाबादकडं देली. नवरा नोकरी करू देत नाई."

अंगणात एवढी माणसं होती, पण कोणाची पापणी लवली नाही. हरिसिंगनं तर वर मान डोलावली. परक्यासमोर तांडा असा एका तोंडाचा होतो. बिजलीबाईच्या मागे उभा असलेला राजकुमार तेवढा जमिनीकडे बघत राहिला.

चष्मा काढून सरांनी शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. "झालं असेल," ते म्हणाले. "सुखी असो." मग राजकुमारच्या हाताकडे त्यांचं लक्ष गेलं. "बोटं कशानं गेली हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"मशीनीत," राजकुमार म्हणाला.

"थंडीत ठणकत असतील."

"हाव. ठनकते."

सरांनी मान हलवली, हेल्मेट घातलं आणि ते गेले. गूळ बाजेवरच राहिला.

स्कूटरचा आवाज विरला तशी बिजलीबाई घरी आली आणि पुन्हा तूर झोडपू लागली. आज तिला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण काठी नीट बसत नव्हती, दाणे भलतीकडे उडत होते. नेमसिंग वावरातून आला तो वाटेतच सगळं ऐकून आला होता.

"गोळ कुठं हाये?" त्यानं पहिलं हेच विचारलं.

"नायकाच्या बाजीवर."

"तिथंच ठेवून आली? दिवस बुडेपर्यंत राह्यला तं पोरगी देली असं होते. उद्या हाच मानूस चार जनं घेऊन आला तं नायक त्याच्या बाजूनं बोलन. कायदा म्हंजे कायदा."

बिजलीबाईच्या हातातून काठी सुटली. लग्नाची मागणी नव्हती हे खरं, पण गूळ तर गूळच होता. हरिसिंगकडे जाऊन तिनं भेली उचलली, पदरात बांधली आणि राजकुमारच्या मोटरसायकलवर मागे बसली. फाट्यावर नाही सापडला तर कळंबपर्यंत जायची तिची तयारी होती. त्याच्या हातात भेली द्यायची आणि तोंडावर सांगायचं, मुलगी दिली नाही.

खडीच्या रस्त्यानं गाडी उडत होती. राजकुमार पुढे बघत म्हणाला, "याडी, मले हा मानूस तसा नाई वाटला."

"तोबी तसा नवता वाटला."

"त्या मानसानं माह्याकडं एकदाबी पाह्यलं नवतं. त्याले मी जसं एक पोतं होतो. यानं बोटाचं इचारलं."

"इचारून ठेवते असे लोक."

"कायले? बोटं तं गेले. आता माह्याकून काय नेईन थो?"

बिजलीबाई त्याला गाडी नीट चालव म्हणाली. पण प्रश्न तिच्या मागे लागलाच. खोटं सांगून आपण कोणाला वाचवलं? आणि तो माणूस खरा निघाला तर? भिंतीकडे तोंड केलेली संगीता तिच्या डोळ्यांपुढे आली आणि तिला भीती वाटली. राजकुमारला तिनं विश्वास ठेवून घालवलं होतं. आता संगीताला अविश्वासानं घालवलं असेल तर ती कुठल्या चुलीत काय घालणार होती?

फाट्यावर फकिराचं पंक्चरचं दुकान होतं. सरांची स्कूटर तिथं चाक काढून आडवी केलेली होती. खडीच्या रस्त्यानं बाभळीचा काटा चाकात घालून दिला होता. फकिरा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत बसला होता. "ते सर? तिकडं हाये, बैलापाशी," तो मान न वळवता म्हणाला. दुकानाच्या बाजूला कडुनिंबाखाली बंडीला जुंपायचा एक बैल बांधलेला होता.

बिजलीबाई पदरातली भेली धरून तिकडे वळली आणि जागीच उभी राहिली.

सर बैलाच्या डाव्या अंगाला उभे होते. उजवी मूठ भकाळीत रुतलेली. डावा तळवा स्वतःच्या पोटावर. डोळे मिटलेले. बैल निवांत रवंथ करत होता आणि हा पिकल्या केसांचा माणूस, जसं जगात दुसरं काही कामच नाही, तसा श्वास धरून उभा होता.

आयुष्यात बिजलीबाईनं खूप ढोरं पाहिली होती आणि ढोरांचे खूप डॉक्टर. असं उभं राहणारं तिनं एकच माणूस पाहिलं होतं, आणि ते तिच्या पोटचं होतं. कार्ड छापता येतं, मामाचं नाव विचारून घेता येतं. पण ज्या गोष्टीला सगळा तांडा हसला, ती कोण कशाला पाठ करून येईल?

ती जवळ गेली. चोरी पकडल्यासारखं तिनं विचारलं, "हा हात पोटावर कायले ठेवला?"

सरांनी डोळे उघडले आणि ते दचकले. "अं? सवय आहे, ताई. आपला जीव गडबडलेला असला की जनावराचं पोट कळत नाही. उगाच भलतंच काहीतरी हललं असं वाटतं. म्हणून आधी आपलं शांत होऊ द्यायचं, मग त्याचं बघायचं." ते कसनुसे हसले. "मुलं हसतात याला. कोणीच करत नाही. एकटी संगीता करायची."

बिजलीबाईला एकदम रडू आलं. राजकुमार परत आला त्या दिवशी जे आलं नव्हतं, ते असं भर फाट्यावर, फकिराच्या देखत आलं. तिनं ते पदरानं पुसलं, पण पदरात भेली होती, ती कपाळाला लागली.

"तिचं लगन नाई झालं, सायेब," ती म्हणाली. "मी खोटं बोलली. झरी जामणीले हाये. शेळ्याईले सुया टोचून राह्यली."

सर तिच्याकडे बघतच राहिले. रागावतील असं तिला वाटलं, रागवायलाही हवं होतं. पण त्यांनी बैलाच्या पाठीवर हात टेकला, जसा आधार हवा होता. "मग येईल ना ती? सोमवारी?"

"राजकुमार आत्ताच जाईन. उद्या घेऊन येईन." ती थांबली. बिजलीबाई ती बिजलीबाईच. "पन सोमवारी मी संग येईन. ते खुर्ची मी माह्या डोयानं पाहीन. तिथं वीटभट्टी निघाली तं तुमची खैर नाई."

"या. अवश्य या."

मग तिनं पदराची गाठ सोडली. भेली बघून सर म्हणाले, "अहो, हे परत कशाला आणलंत?" फकिराचा पाना उचलून तिनं भेली दगडावर फोडली. एक खडा बैलापुढे धरला, तो त्यानं जिभेनं ओढून घेतला. दुसरा तिनं सरांच्या हातावर ठेवला.

"आधी तुमी खा."

सरांना काही कळलं नाही, पण त्यांनी खाल्ला. त्यांचा घास घशाखाली उतरेपर्यंत बिजलीबाई त्यांच्या गळ्याकडे बघत राहिली. गुळात काही नाही याची खात्री झाल्यावर तिनं एक खडा आपल्या तोंडात टाकला. राजकुमारचा गाडीवरचा हात थांबला.

"याडी! गोळ खाल्ला तुनं?"

"हाव. खाल्ला."

"म्हणजे काय झालं?" सरांनी विचारलं.

"पोरगी देली, सर," राजकुमार म्हणाला. "आता नाई म्हनता येत नाई. ना आमाले, ना तुमाले. तुमच्या हापिसानं काई खेळ केला, तरी तांडा तुमालेच इचारन."

सर हसायला गेले आणि हसले नाहीत. सोमवारचं ऑफिस, ती बंद दारं, न पोचलेलं पत्र, असं काय काय त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असावं. त्यांचा डावा हात हळूच वर आला आणि त्यांच्याही नकळत पोटावर जाऊन बसला.

बिजलीबाईनं तो हात पाहिला. खोटा माणूस असता तर चटकन हो म्हणाला असता. तिनं उरलेला गूळ पदरात बांधला, कारण हरिसिंग नायक पुराव्याशिवाय ऐकणारा नव्हता, आणि राजकुमारला म्हणाली, "आता उभा काहून? जाय, तिले आन. अन् सांगजो, पुस्तकावरची गोधडी याडीनं काढून ठेवली."

राजकुमार गेला. गोधडी अजून तिथंच होती, म्हणून बिजलीबाई घाईघाईनं पायीच तांड्याकडे निघाली.